पपई, भगर, ग्रहण आणि लोहाच्या गोळ्या : गरोदरपणातल्या खाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ आहे. चार दिवस शहरात बसते, एक दिवस निफाडकडे जाते. सिडकोतली आयटीवाली असो की द्राक्षबागेत खुडणीला जाणारी, प्रश्न तेच येतात आणि बहुतेक वेळा ते सासूबाईंसमोर विचारता येत नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवले. तुमचे रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

दिवस गेलेत हे माहीत नव्हतं आणि पपई खाल्ली. आता काही होईल का?

पिकलेली होती ना? मग काही होणार नाही.

भीती मुळात कच्च्या पपईची. तिच्यात चीक असतो. त्या चिकामुळे उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. त्यामुळे कच्च्या पपईची भाजी, कीस, टुटीफ्रुटी घालायला घरी आणलेली हिरवी पपई, अर्धवट पिकलेली फोड हे सगळं नऊ महिने बंद. पिकलेली खाल्ली तर खाल्ली. अननसाचंही तसंच, दोन-चार फोडींनी काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र मला रागाने सांगावीशी वाटते. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांतच दोष असतो. आईने काय खाल्लं, काय उचललं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. घरात मात्र वर्षानुवर्षं चर्चा चालते ती त्या एका फोडीची, आणि ती बाई ते ऐकत राहते.

घरच्यांना पिकलेली पपईही नको असेल तर भांडू नका. पेरू खा, गाजर खा. पपईवाचून कुणाचं अडत नाही.

“उष्ण” म्हणून काय काय टाळायचं?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण माझ्याकडच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.२. “जेवण चांगलं आहे मॅडम,” म्हणाली. मी केसपेपर उलटा केला आणि म्हटलं, घरात काय काय बंद आहे ते सांग. बाजरी उष्ण, तीळ उष्ण, गूळ उष्ण, मेथी उष्ण, शेवगा उष्ण, अंडं उष्ण, खजूर उष्ण. वांगं वातूळ. दही आणि केळं थंड, बाळाला सर्दी होईल. पालेभाजी रात्री नाही. मसूर नाही, का ते तिला ठाऊक नव्हतं. कागद भरला. मग विचारलं, राहिलं काय? वरण-भात, पोळी, दुधी, बटाटा, चहा-बिस्किट.

यातली प्रत्येक बंदी एकेकटी घेतली तर निरुपद्रवी आहे. बाजरी नाही खाल्ली म्हणून कुणाला रक्तक्षय होत नाही. पण एक बंदी आजेसासूची, दोन सासूबाईंच्या, एक शेजारच्या काकूंची आणि चार मोबाइलवर आलेल्या, अशी बेरीज झाली की पानातून लोह, कॅल्शियम आणि प्रथिनं तिन्ही उठून जातात. एक मोठा चमचा तिळात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गरोदर बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. तीळ काढले तर दुसरं काय वाढलं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी घरच्यांना एवढंच म्हणते : जे काढाल, त्याच्या बदल्यात काहीतरी वाढा. बाजरी नको? नागलीची भाकरी करा. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची नागली सहज मिळते. अंडं नको? मटकीची उसळ, लिंबू पिळून. मेथी नको? राजगिऱ्याची भाजी, चवळई, तांदुळजा. बहुतेक सासूबाईंना हा सौदा मान्य होतो. “सगळ्या अंधश्रद्धा आहेत” म्हटलं की त्या पुढच्या वेळी सुनेबरोबर येत नाहीत, आणि स्वयंपाकघर त्यांच्याच हातात असतं.

त्या मुलीच्या घरी तीळ आणि शेवगा परत आले. बाजरी शेवटपर्यंत आली नाही.

बीट आणि डाळिंब खाऊन रक्त वाढतं ना?

रंग लाल, एवढंच. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. गरोदरपणात रोजची गरज आहे २७ मिलिग्रॅमची. सटाणा-मालेगाव पट्ट्यातले पाहुणे पेटीभर डाळिंबं आणतात. आवडीने खा, फळ म्हणून उत्तम आहे. पण “रोज डाळिंबाचा रस देतो” म्हणून गोळ्या बंद केलेल्या घरांत हिमोग्लोबिन खाली गेलेलं मी कितीदा पाहिलंय.

गुळाचंही थोडं असंच. गूळ-शेंगदाणे खा, पण जास्त भरवसा शेंगदाण्यावर ठेवा.

लोह खरं कुठे? अळीव, तीळ, बाजरी, हिरव्या पालेभाज्या, मटकी, मसूर, राजगिरा आणि मांसाहार चालत असेल तर मटण. भाजीपाल्यातलं लोह शरीर कंजूषपणे घेतं, त्यामुळे त्याच घासाबरोबर लिंबू, पेरू, आवळा असं काहीतरी आंबट हवं. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. भाजीत कमावलेलं चहात जातं.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शी काळी होते. खाल्ल्याच पाहिजेत का?

हो. देशभरातल्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत ५२ टक्के गरोदर महिलांचं रक्त कमी निघालं, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. निव्वळ जेवणातून ही तूट भरून निघणं फार अवघड असतं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० आणि बाळंतपणानंतर आणखी १८०.

शी काळी होणं हे न शोषलेलं लोह बाहेर पडल्याचं लक्षण आहे. घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्या. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, पण गुपचूप बंद करू नका.

मी स्वतः काय केलं ते सांगते. माझ्या वेळी रोज सकाळी साडेसातला, आलं घातलेल्या चहाबरोबर मी लोहाची गोळी घेत होते. वर त्याच घोटात कॅल्शियमचीही. दोन महिने. हिमोग्लोबिन हलेना तेव्हा माझ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “कशाबरोबर घेतेस?” आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. कॅल्शियम जेवणाबरोबर, दिवसातून दोनदा. लोह त्यापासून लांब.

फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचं?

दिवस राहण्याच्या आधीपासून. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळजणींना पत्ताच नसतो. रोजची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम. लग्नाच्या आहेरात साडीबरोबर ही गोळीही द्यावी, असं मी अर्धं गमतीने म्हणते.

दोन जिवांची आहे, मग दुप्पट खाऊ?

नाही. तुम्ही रोज जेवढं जेवता, त्यावर साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. तेही मुख्यतः चौथ्या महिन्यापासून. दुप्पट व्हायला हवी ती डाळ-दूध-अंडी-पालेभाजीची वाटी. भाताचा ढीग दुप्पट करून उपयोग नाही.

कमी खाल्लं तर बाळ लहान राहील आणि नॉर्मल होईल, असं आई म्हणते.

आईच्या काळात घरात बाळंतपणं होत आणि अडलेली बाई जीव गमावत असे. ही भीती तिथून आलेली आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण उपाय चुकीचा आहे. उपाशी ठेवून बाळाचं डोकं सोयीचं होत नाही. कमी वजनाचं, लवकर दमणारं बाळ मात्र होतं, आणि अशक्त आईला कळा सोसवत नाहीत. वजन साधारण असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढायला हवं. आधीच वजन जास्त असेल तर आकडा वेगळा, तो विचारून घ्या.

केशर-दूध, नारळपाणी, लोणी यांनी बाळ गोरं होतं?

नाही. रंग आई-बापांकडून येतो. केशराच्या डबीच्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

जोडकेळं खाल्लं की जुळं होतं?

नाही.

मला भाजलेली माती, खडू खावासा वाटतो. डोहाळेच आहेत ना?

डोहाळे आंबट-चिंबट खाण्याचे, कैरीचे, भेळेचे असतात. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खाण्याची ओढ वेगळी. तिचा रक्त कमी असण्याशी वारंवार संबंध दिसतो. लाजून लपवू नका, पुढच्या तपासणीत सांगा. मातीतून जंत आणि शिसं पोटात जाऊ शकतं. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर देतात, तीही डॉक्टर देतील तेव्हाच.

आणि डोहाळजेवणात पेढा निघाला की बर्फी, यावरून काहीही ठरत नाही. खेळ आहे, खेळा.

चतुर्थी, नवरात्र, हरतालिका यांचे उपवास करू का?

निर्जळी उपवास नको. हरतालिकेला पाणीही न पिणाऱ्या मुली सातव्या महिन्यात चक्कर येऊन दाखल झालेल्या मी पाहिल्या आहेत. “गरोदर बाईला उपवास माफ असतो” हे मी नाही, आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवलंय.

मन मानत नसेल तर फराळी उपवास करा, पण साबुदाण्यावर राहू नका. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, शेंगदाण्याची आमटी, रताळं, फळं असं दर दोन-तीन तासांनी काहीतरी. शुगर असलेल्यांनी उपवास करूच नये.

भगरीबद्दल जरा सविस्तर. भगर दळण्या-सडण्याच्या गिरण्या आपल्या नाशिकमध्ये आहेत, त्यामुळे ती आपल्या घरचीच वाटते. पण नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत राहतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं पीठ आणू नका. पाकीटबंद भगर आणा, तारीख बघा, निवडून-धुऊन घ्या आणि पीठ हवंच असेल तर लागेल तेवढंच घरी दळा. वास कुबट आला तर किलोभर असली तरी टाकून द्या.

ग्रहणात खाल्लं-चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो?

ओठ-टाळू दुभंगणं गर्भधारणेच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ठरतं. ग्रहणात विळीवर कांदा चिरण्याशी त्याचा संबंध नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, पण ते सगळ्यांनाच लागू आहे.

मला काळजी असते ती वेधांची. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे १२ तास. चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, ९ तास. एवढा वेळ पाण्याशिवाय बसवलं तर चक्कर, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंद, सगळं होऊ शकतं. इथे वादापेक्षा पंचांग कामाला येतं. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींसाठी वेध कमी वेळ पाळावेत, असं पंचांगातच दिलेलं असतं. ते पान उघडून दाखवा. खिडक्यांचे पडदे लावून झोपायला सांगत असतील तर खुशाल झोपा, गरोदर बाईला झोप कुठे मिळते नाहीतर. उशाशी पाण्याची बाटली आणि दोन राजगिऱ्याचे लाडू ठेवा.

द्राक्षांवर एवढी फवारणी असते, खाऊ का?

खा, पण घडावरून नाही. मणी सुटे करा, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. शुगर असेल तर मोजून दहा-बारा.

दिंडोरी-निफाडच्या बागांत काम करणाऱ्यांसाठी मोठा धोका खाण्यात नसून फवारणीत आहे. फवारणी चालू असताना आणि लगेच नंतर बागेत जाऊ नका, औषधाचे डबे धुऊ नका, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका. हे मालकाला सांगणं अवघड असतं, मला कळतं. नवऱ्याला सांगायला लावा.

मिसळ?

पहिल्या तीन महिन्यांत वासच सहन होत नाही, शेवटच्या तीन महिन्यांत जळजळ. मधल्या तीन महिन्यांत खाऊन घ्या. मोड आलेली मटकी आहे, रस्सा कमी, पाव एकच, शेव कमी. रस्सा उकळता असावा आणि कांदा तुमच्यासमोर चिरलेला.

आमच्याकडे माळ आहे, अंडं-मटण चालत नाही. प्रथिनं कुठून आणू?

माळकरी घरात उत्तम आहार होतो, फक्त आमटी पातळ नको. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, दोन ग्लास उकळलेलं दूध, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून तीनदा सोयाबीन किंवा पनीर. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज रोज २२ ग्रॅमने वाढते, म्हणजे वरणाची एखादी वाटी जास्त घेऊन भागत नाही. शाकाहारींनी बी-१२ तपासून घ्यावं. ते कमी असेल तर नुसत्या लोहाने हिमोग्लोबिन हलत नाही.

साखरेची तपासणी कशी असते? आमच्या घरात कुणालाच शुगर नाही.

तरीही करा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. त्या पाण्याने कसंसं होतं हे खरं आहे. घोट घोट घ्या.

नवव्या महिन्यात तूप खाल्लं की बाळ सरकन येतं? आणि एरंडेल?

तूप पोटात जातं, गर्भाशयाच्या वाटेवर नाही. वरणावर एक-दोन चमचे घ्या, वाटी पिऊ नका. एरंडेल मात्र अजिबात नको. जुलाब लागतात, पाणी कमी होतं आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आत्ता की नंतर?

परंपरेने बाळंतिणीचा खुराक, सव्वा महिन्याचा, आणि मला ते पटतं. अळिवात भरपूर लोह आहे, पण गरोदरपणात रोज वाटीभर खाण्याची पद्धत आपल्याकडे नाही आणि ती मोडायची गरजही नाही. माझ्या सासूबाईंनी पाचव्या महिन्यातच सिन्नरहून डिंकाचे लाडू पाठवले होते. एवढं तूप-साखर पाहून मी ते शेजारी वाटले. बाळंतपणानंतर पहाटे चारला, बाळाला पाजताना पोटात आग पडली तेव्हा त्यांची आठवण झाली.

मुलगा होण्यासाठी एक वैदूबुवा औषध देतात…

घेऊ नका. त्या पुडीत काय असतं हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि ती देतात नेमकी दुसऱ्या महिन्यात, बाळाचे अवयव तयार होत असताना. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं.

अंगणवाडीतून जे मिळतं ते घ्यावं का?

नक्की घ्या. सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं ताजं जेवण मिळतं. ते अंगणवाडीतच बसून खा. डबा घरी नेला की तो मुलांत आणि म्हाताऱ्यांत वाटला जातो, आणि तुमच्या वाटणीला चव येते.

मी नवरा आहे. मी काय करू?

ती किती वाजता जेवते ते बघा. “दोन्ही वेळ जेवते” असं सगळ्याच सांगतात. किती वाजता, असं विचारलं की उत्तर येतं, “सगळ्यांचं झाल्यावर.” म्हणजे दुपारचे तीन. तोवर उसळ संपलेली असते, रस्सा उरलेला असतो, तीळकुटाची वाटी पुसलेली असते. सकाळी आठच्या चहानंतर ती तीनपर्यंत रिकामी. तिचं पान आधी वाढा, नाहीतर निदान तिची वाटी झाकून बाजूला ठेवा.

आहाराचं सोडून थेट दवाखाना कधी?

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल आणि लघवी कमी, गडद होत असेल. अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटतेय. बसल्याजागी धाप लागतेय. यांपैकी काहीही असेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करून गाडी बोलवा आणि निघा. अशा वेळी मला मेसेज करू नका. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारी वाचते.